मॅचच्या दिवशीचं सूप

बेसबॉलच्या प्रशिक्षकाशी लग्न करायचं असेल, तर माहेरून दागिन्यांऐवजी ट्रक मागून घ्यावा. माझे यजमान शिम दोक-हो यांना याआधी चार संघांनी कामावर ठेवलं आणि चारही संघांनी हाकललं. दर वेळी घर हललं. भांडीकुंडी हलवायचं मला काही वाटत नाही, माझा जीव अडकतो तो रांजणांत. हिवाळा सरता सरता मी सोयाबीनचे ठोकळे मिठाच्या पाण्यात मुरत घालते, वसंतात त्यातून सोया सॉस वेगळा काढते आणि रांजणात भरून उन्हाला ठेवते. तो नीट मुरायला बरेच महिने जातात. आणि तो मुरायच्या आतच आमचे हे तोंड पाडून घरी येतात आणि म्हणतात, "अगं, बांधाबांध कर." मग ट्रकमध्ये रांजण हिंदकळतात. अर्धा सॉस रस्त्यावर सांडतो, उरलेला माझ्या गाद्यांवर. ज्या गावात घातला त्याच गावात सॉस चाखला, एवढं साधं सुखही माझ्या संसारात नव्हतं.

एका हिवाळ्यात कोरियाच्या दक्षिण टोकाला, मोक्पोला आलो तेव्हा मात्र मी घराची गच्ची बघितली आणि तिथेच बसले. दिवसभर ऊन, समोर समुद्र, वारा खेळता. रांजणांसाठी अशी जागा नशिबानेच मिळते. मी यांना सांगून टाकलं, "इथून हलायचं असेल तर तुम्ही एकटे हला. मी आणि रांजण इथेच."

"माझ्या हातात असतं तर..." हे म्हणाले.

ते यांच्या हातात नव्हतंच. ते होतं मोक्पो ऑक्टोपस या संघाच्या हातात. आणि त्या संघाच्या हातात काहीच राहत नसे, हीच तर सगळी पंचाईत होती. नावात आठ हातांचा प्राणी, आणि एवढी पोरं मैदानात उतरवूनही एक साधा झेल धरला जात नव्हता. संघाचे मालक प्यो चेअरमन, सुकवलेल्या समुद्री शेवाळाच्या कंपनीचे. मागच्या वर्षी संघ दहांत दहावा आला होता. करार करताना चेअरमन गोड आवाजात म्हणाले होते, "शिमसाहेब, पहिला नंबर मी मागतच नाही. शेवटचा तेवढा नको. शेवटचे आलात, तर आपण दोघं छान जेवू आणि एकमेकांचा निरोप घेऊ."

एप्रिल उजाडला आणि संघ हरायला लागला. कसा हरायचा, ते सांगते. चेंडू उंच उडायचा आणि दोघांच्या मधोमध खाली यायचा. धाकटा खेळाडू अदबीने थांबायचा, "दादा, तुम्ही घ्या." थोरला म्हणायचा, "अरे, तुझ्या जवळ आहे, घे तू." वयाचा मान राखण्यात आमची पोरं फार संस्कारी. तेवढ्यात चेंडू धप्पकन गवतात पडायचा आणि समोरचा संघ धाव काढून घ्यायचा. असे संस्कार जेवणाच्या टेबलावर बरे. मैदानात त्यांच्यापायी माझे रांजण ट्रकवर चढणार होते.

जूनमध्ये यांचा वाढदिवस. वाढदिवसाच्या सकाळी आमच्याकडे शेवाळाचं सूप खाल्लंच पाहिजे, नाहीतर माणूस जन्माला आला कशावरून? पण परीक्षा, मुलाखत किंवा मॅच असेल त्या दिवशी तेच सूप म्हणजे विष. बुळबुळीत असतं ना ते. खाल्लं की घसरलाच म्हणून समजा. आणि जूनमध्ये सोमवार सोडला तर रोज मॅच. म्हणून लग्न झाल्यापासून यांचा जन्म दर वर्षी सोमवारी होतो. यांना सांगायची सोयच नाही, कारण हा माणूस मैदानाच्या पांढऱ्या रेषेवर पाय पडू नये म्हणून ओढा ओलांडावा तशी उडी मारतो. बूट आधी डावा, मग उजवा. संघ जिंकत असेल तोवर मोजे धुवायला देत नाही. मोक्पोत मोजे अगदी स्वच्छ होते.

त्या वर्षी वाढदिवस आला शनिवारी. संघ सलग हरत होता, पेपरवाले यांच्या जागी कोण येणार याच्या बातम्या छापत होते, आणि माझं डोकं फिरलं. सकाळी उठून मी शेवाळ भिजवलं, मांस तिळाच्या तेलावर परतलं, सूप उकळलं आणि वाडगा यांच्यासमोर आदळला.

हे खुर्चीसकट मागे सरकले. "हे काय?"

"तुमचा वाढदिवस."

"अगं, आज मॅच आहे!"

"मग? घसरायला खाली जागा उरलीय का? दहावे आहात. तुमच्यासाठी अकरावा नंबर काढलाय का त्यांनी?"

"असं काय बोलतेस सकाळी सकाळी..."

"इतकी वर्षं सोमवारी जन्मलात. एकदा तरी स्वतःच्या दिवशी जन्मा. खायचं तर खा, नाहीतर द्या ओतून."

आणि मी तणतणत गच्चीवर रांजणांची झाकणं उघडायला निघून गेले. झाकणं उघडता उघडता राग उतरला. चुकलंच आपलं, असं वाटलं. खाली आले तेव्हा वाडगा रिकामा होता आणि हे गुपचूप डावा बूट चढवत होते. मी वाडगा उचलून धुवायला टाकला.

त्या संध्याकाळी संघ जिंकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत उभे. "ते कालचं... सूप..."

"संपलं."

"तेच म्हणतोय. परत करशील का?"

जिंकलेल्या दिवशी जे जे केलं ते ते पुन्हा करायचं, हा यांचा धर्म. मी पुन्हा केलं, संघ पुन्हा जिंकला. असं सलग काही दिवस झाल्यावर एका वार्ताहराने यांना विचारलं, "शिमसाहेब, असं काय बदललं?" आणि आमच्या या साध्या माणसाने खरं ते सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी प्यो चेअरमन संघाच्या जेवणघरात हजर. आनंदाने त्यांचा चेहरा फुलला होता. बिचारे वर्षानुवर्षं कंपनीचं शेवाळ खोक्यांनी पाठवायचे आणि पोरं ती खोकी बसायला वापरायची. शेवाळ विकणाऱ्याचा संघ, आणि मॅचच्या दिवशी संघात कोणी शेवाळाला शिवत नाही, याच्यावर सगळं गाव हसायचं.

"आजपासून," चेअरमननी फर्मावलं, "प्रत्येक मॅचच्या दिवशी, प्रत्येकाने, एक वाडगा. आणि सूप शिमबाईंच्या हातचंच!"

पोरांचे चेहरे असे झाले की जणू त्यांना कोणी फासावर चढवतंय. पण मालकापुढे कोण बोलणार?

तेव्हापासून मी रोज सकाळी जेवणघरात जाऊन हंडाभर सूप करायला लागले. बाहेरगावी मॅच असली की मोठाले थर्मास भरून बसमध्ये चढवायचे. एक सांगते, मी ते सूप कधी चाखलं नाही. प्रशिक्षकाची बायको आहे मी. मॅचच्या दिवशी शेवाळ जिभेला लावायचं माझं धाडस झालं नाही. नुसत्या वासावर करायचे. बाजारचा सोया सॉस घालायचा तो अंदाजाने, हात आखडून. पोरांना तहान लागून पळता येईना, असं नको व्हायला.

पोरं मात्र तोंडभरून कौतुक करायची. सगळ्यांत जास्त मेंग. हा मेंग सोक-दू म्हणजे संघाचा कॅप्टन, पहिल्या बेसवर उभा राहणारा, कपाटाएवढा गडी. "काकू, काय चव आहे! मीठ कसं एकदम बेताचं! माझ्या आईच्या हातालाही अशी चव नाही. मी जरा लॉकरपाशी शांत बसून खातो हं."

दुसरा म्हणायचा, "मी आंघोळीच्या खोलीत खातो, तिथे गार असतं." तिसऱ्याला जिन्यात बसून खायला आवडायचं. सूप खायला सगळ्यांना एकांत लागायचा. आमचे हेसुद्धा वाडगा घेऊन आपल्या केबिनमध्ये जायचे आणि दार लावून घ्यायचे. थोड्या वेळाने वाडगे परत यायचे ते अगदी लख्ख. मला मोठं समाधान वाटायचं.

आणि खरंच, संघ वेगळाच खेळायला लागला. चेंडू उडाला की आता "दादा, तुम्ही घ्या" वगैरे काही नाही. एका चेंडूमागे चौघं-पाचजण धावायचे. एकाने झेल सोडला तर दुसरा खाली हजर, दुसऱ्याच्या हातून निसटला तर तिसरा आडवा पडलेला. टीव्हीवरचे जाणकार याला शिम यांची घेराव पद्धत म्हणायला लागले. कोणी यांना तिच्याबद्दल विचारलं की हे गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "ते संघाचं गुपित आहे." घरी येऊन मला विचारायचे, "अगं, पोरं अशी का पळतायत गं?"

"मला काय विचारता? प्रशिक्षक तुम्ही!"

"मी तर काहीच शिकवलेलं नाही," हे म्हणायचे आणि घाबरून मोजे सांभाळून ठेवायचे.

पण एप्रिल-मेमध्ये खणलेला खड्डा खोल होता. हळूहळू वर येत येत ऑक्टोबरमध्ये आम्ही नवव्या नंबरच्या ग्योंगजू क्राउन्सला गाठलं. आता एकच मॅच उरली होती, रविवारी दुपारी, मोक्पोच्याच मैदानावर, त्याच क्राउन्सशी. हरेल तो शेवटचा. मी त्या सकाळी गच्चीवर जाऊन प्रत्येक रांजणाला हात लावून आले. सॉसचा रंग काळाभोर झाला होता, वास तर असा की खालच्या मजल्यावरच्या बाई वर बघून विचारायच्या, "उघडणार कधी?" काय सांगणार? संध्याकाळी कळेल, म्हटलं.

मैदानावर पोचले, सूप उकळलं, आणि तेवढ्यात आंघोळीच्या खोलीतून पाणी उलटं वाहत जेवणघरात आलं. गटार तुंबलं होतं. नळदुरुस्तीवाला आला. त्याने पाइपमध्ये लांब आकडा घातला आणि ओढायला लागला. आधी एक हिरवीकाळी पट्टी आली. मग दुसरी. मग जी काही रांग लागली, ती संपेचना. तो ओढतोय, ओढतोय, मागे मागे सरकतोय, शेवटी भिंतीला टेकला, तेव्हा त्याने एक टोक माझ्या हातात दिलं. "बाई, धरा जरा. या गटाराला भरती-ओहोटी येते का हो?"

जमिनीवर शेवाळाचा ढीग झाला. सगळा संघ भोवती उभा होता आणि प्रत्येकजण आपापल्या बुटांकडे बघत होता.

"मेंग," मी म्हटलं.

"काकू, शप्पथ सांगतो, एवढं सगळं माझं नाही!" मेंग कळवळला. "मी फक्त माझं ओतायचो!"

"मीपण माझंच," मागून आवाज आला.

"काय? तूपण?"

"म्हणजे, दादा, तुम्ही खात नव्हतात?"

एकामागून एक सगळे कबूल झाले. जेवणघरात एकही माईचा लाल निघाला नाही ज्याने एक घोट तरी घेतला होता. एवढ्या पहाटे उठून, हात भाजून घेऊन मी गटाराला वाढदिवसाचं सूप पाजत होते.

"मग अशी जनावरासारखी धावत का होतात रे?" आमच्या यांनी विचारलं. यांना पद्धतीचंच पडलेलं.

मेंगने डोकं खाजवलं. "सर, मला वाटायचं, मी एकट्यानेच खाल्लेलं नाही. बाकी सगळ्यांच्या पोटात शेवाळ. म्हणजे हे सगळे आज घसरणार, चेंडू सोडणार. मग यांच्या मागे कोणी उभं राहायचं? मीच ना!"

"म्हणून माझ्या पाठीत येऊन आदळायचास होय?" दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे खेळणारा शॉर्टस्टॉप ओरडला. "मी तुझ्यासाठी पळत होतो, बैला!"

सगळे हसत सुटले. मला हसू आलं नाही. मी यांच्याकडे वळले. "आणि तुम्ही? तुमच्या केबिनमध्येही बेसिन आहे."

"मी खात होतो," हे हळू आवाजात म्हणाले.

त्यावर तर पोरं आणखीच हसली. मीही विश्वास ठेवला नाही. पांढऱ्या रेषेला भिणारा माणूस, मॅचच्या दिवशी शेवाळ खाईल? वाढदिवसाचा तो वाडगाही गेला असणार घरच्या मोरीत. फार लागलं मला ते. पोरांचं काही वाटलं नाही, ती परकी. यांनी निदान खोटं तरी बोलायला नको होतं.

पण रुसायला वेळ नव्हता. पोरं मैदानात जायला निघाली. दारात मेंग थांबला होता आणि धाकट्या खेळाडूला म्हणत होता, "जा रे, तू पुढे हो." तो वाकून म्हणत होता, "छे, दादा, आधी तुम्ही." मागे सगळी रांग खोळंबलेली, सगळ्यांचे चेहरे निश्चिंत, हसरे, संस्कारी. कोणाच्याच पोटात शेवाळ नाही, म्हणजे कोणी घसरणार नाही, म्हणजे कोणी कोणाच्या मागे धावायचं कारण नाही. मला चेंडू गवतात पडताना दिसला. मला ट्रक दिसला.

"परत फिरा सगळे!" मी पळी उगारून ओरडले. "वाडगे घ्या!"

"काकू, आज नको! आजची शेवटची मॅच..."

"आजच! माझ्यासमोर! रिकामा वाडगा उलटा करून दाखवल्याशिवाय एकजण या दारातून बाहेर पडणार नाही!"

मालकाला घाबरतात त्याच्या दुप्पट पोरं मला घाबरली. नाक दाबून, डोळे मिटून, एरंडेल प्यावं तसं प्रत्येकाने घटाघटा गिळलं. मेंगच्या डोळ्यांतून पाणी आलं. "संपलो आपण," तो शॉर्टस्टॉपला म्हणाला. "आज मी नक्की सोडणार. तू माझ्याजवळच राहा रे."

"मी कसला राहतोय? मीच घसरणार. तू माझ्याजवळ राहा."

हे मात्र कोपऱ्यात बसून चमच्याने सावकाश खात होते. एक चमचा सूप, एक तुकडा खारट-तिखट किमची, पुन्हा चमचाभर सूप, पुन्हा किमची. एवढं नाटक कशाला, असं मनात म्हणून मी पाठ फिरवली.

मॅच मी कधी बघत नाही, मला धडधडतं. त्या दिवशी बघितली. आमची पोरं इतकी भेदरलेली होती की हवेत चिमणी दिसली तरी सगळी तिच्याखाली धावली असती. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो आणि क्राउन्सचा अखेरचा गडी बाद व्हायचा होता. त्याने चेंडू सरळ वर उडवला. इतका वर, की खाली यायला त्याला जणू दिवस लागला. मेंग खाली उभा राहिला. भोवती शॉर्टस्टॉप, चेंडू टाकणारा पिचर, मागे झेलणारा कॅचर, सगळे. चेंडू मेंगच्या ग्लोव्हमध्ये आला आणि घसरला. स्टेडियम किंचाळलं. चेंडू शॉर्टस्टॉपच्या छातीवर बसला, तिथून निसटून पिचरच्या कोपरावर, कोपरावरून खाली. आणि खाली कॅचर आधीच उताणा पडून वाट बघत होता. त्याने नुसती मूठ मिटली.

मी शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला मिठी मारली आणि भोकाड पसरलं.

प्यो चेअरमननी मैदानातच जाहीर केलं की शिमसाहेब अजून तीन वर्षं मोक्पोतच राहतील. ऑक्टोपस नववा आला म्हणून गावाने एवढा गोंधळ घातला, की परगावच्या माणसाला वाटावं पहिला आला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मॅच नाही, आणि आता वसंतापर्यंत नाहीच. मी भात आणि भाजलेली मासळी यांच्यासमोर ठेवली. माझा अबोला चालूच होता. यांनी टेबलावर इकडेतिकडे बघितलं.

"सूप नाही?"

"सीझन संपला. आता कशाला तोंडाची वाट लावून घेताय?"

"नाही, म्हणजे..." हे जरा चाचरले. "केलंस तर सॉस थोडा जास्त घाल. रागावू नकोस. जूनपासून अळणी होतंय. किमचीबरोबर ढकलायचो."

मी गॅसपाशीच थबकले. कालचं थोडं सूप उरलं होतं, ते मी झाकून घरी आणलं होतं. झाकण काढून चमचाभर तोंडात घातलं. नुसतं पाणी. मिठाचा पत्ता नाही. एवढ्या पोरांनी चवीचं कौतुक केलं होतं, त्यातल्या एकालाही हे कळलं नव्हतं. कळलं होतं ते फक्त यांना.

"रोज खाल्लंत?" मी यांच्याकडे वळले. "मॅचच्या दिवशी?"

"पहिल्या दिवशी वाटलं, नोकरी तर जाणारच आहे, मग तुझं सूप कशाला सोडायचं."

"आणि नंतर?"

"नंतर... तू एवढ्या पहाटे उठायचीस."

"मग अळणी आहे म्हणून सांगायला काय झालं होतं?"

"जिंकत होतो गं! बदलायचं कसं?"

मी पळी घेऊन गच्चीवर गेले. डोळे भरून आले होते, त्यामुळे दोन पायऱ्या चुकल्या. मोठ्या रांजणाचं झाकण काढलं, काळाभोर सॉस पळीभर घेतला आणि खाली आणून गरम सुपात ओतला. मोक्पोत घातलेला सॉस, मोक्पोतच.

यांनी फुंकर मारून एक चमचा घेतला, मग दुसरा. मी ॲप्रन डोळ्यांना लावून वाट बघत उभी होते.

"आता जरा खारट झालंय," हे म्हणाले, आणि वाडगा रिकामा करून पुन्हा पुढे केला.